आता दुसऱ्यांदा बोला

देवरीहून आमच्या गावाकडे येणाऱ्या एस.टी.त मी खिडकी सोडत नाही, मग शेजारी कोणी साहेब बसो की मांडीवर बकरी घेतलेली बाई. जंगल संपलं की बांध्या लागतात. बांधी म्हणजे आमच्याकडची धानाची शेती, चारी बाजूंनी धुरे घालून पाणी धरून ठेवणारी. श्रावणाच्या तोंडावर तिथं बाया ओळीनं वाकलेल्या दिसतात. पाठीवर निळ्या-पिवळ्या प्लॅस्टिकच्या पन्नीचे तुकडे, गुडघ्यावर खोचलेलं लुगडं, डाव्या हातात पऱ्ह्यांची, म्हणजे धानाच्या रोपांची जुडी, उजवा हात चिखलात. नुकत्या उपटलेल्या पऱ्ह्यांच्या मुळांना एक वास असतो, कच्च्या दुधासारखा आणि मागून जरा कडवट. कंडक्टर ओरडतो, "काच लावा ना बाई, पाणी आत येऊन राहिलं!" मी ऐकलं न ऐकल्यासारखं करते. त्या वासानं बाकीच्यांना रोवणी आठवत असेल. मला एक टेपरेकॉर्डर आठवतो.

ती रोवणी दोन हजार साल उलटल्यानंतरची. मी बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला होते. आमच्या घरातच काय, सगळ्या टोलीत, म्हणजे आमच्या वस्तीत, कॉलेजची पदवी घेणारी मी पहिली. हे मी मुद्दाम लिहिते, त्यात लपवण्यासारखं काय आहे? मायची पाठ रोवणीत वाकली म्हणून मी वर्गातल्या बाकावर ताठ बसू शकले. आज मी देवरीकडच्या एका शाळेत शिकवते, आणि पोरींना पहिल्याच दिवशी हे सांगून टाकते, म्हणजे पुढे कुणाला कुणापुढं लाजायला नको.

आमचं गाव केशोरीच्या अंगाला. गावाला मोठा मामा तलाव, जुन्या मालगुजारांच्या काळचा. त्याच्या एका बाजूला वरचा मोहल्ला, पोवार शेतकऱ्यांचा. यांचे पूर्वज माळव्यातून आले असं सांगतात. मेहनती माणसं, जमिनीला पोटच्या लेकरासारखी जपणारी. दुसऱ्या बाजूला आमची टोली, छप्पन सालानंतर बुद्धाच्या वाटेला लागलेली. वरच्यांकडे बांध्या जास्त, आमच्याकडे हात जास्त. रोवणी आली की टोलीचे हात वरच्यांच्या बांध्यांत जायचे. वरच्या मोहल्ल्यातल्या बायाही आपापल्या बांधीत उतरायच्या, म्हणजे चिखलात सगळ्या एकाच ओळीत असायच्या. पण ती ओळ कायम त्यांच्याच बांधीत असायची. वरच्या मोहल्ल्यातली बाई टोलीच्या माणसाच्या बांधीत रोवायला उतरली, असं कुणी पाहिलं नव्हतं. उतरू नये असा नियम कुणी केला नव्हता. फक्त तसं होत नव्हतं.

आषाढी पौर्णिमेला वर्षावास लागला की संध्याकाळी विहारात ग्रंथवाचन व्हायचं. वाचायचं काम माझं. दिवसभर चिखलात उभ्या राहिलेल्या बाया भिंतीला टेकून बसायच्या. पायांच्या बोटांत चिखल्या झालेल्या असायच्या, त्यांना हळद-तेल चोळत ऐकायच्या. कुणी मध्येच पेंगायचं, कुणी पेंगणारीला कोपर मारायचं. मैत्रीवरचा भाग आला की माय हमखास म्हणायची, "आयकाले गोड लागते व. पन तलावाचं दार उघडताना कोनाले आठवते हे?"

मायचं बोलणं त्या वर्षी खरं ठरलं.

पाऊस असा होता की तोंडाला ओल आणि बांधीला काही नाही. पऱ्हे तयार, चिखलणीला पाणी नाही. तलावाचं दार उघडायचं ठरलं आणि लगेच प्रश्न आला, पाणी आधी कुणाच्या बांधीत? वरच्या मोहल्ल्यातले सगळ्यात मोठे शेतकरी टेकचंदभाऊ. त्यांच्या बांध्या दाराला लागूनच. ते म्हणाले, पाणी उताराने जातं, आधी माझ्याकडं येणार, यात विचारायचं काय. माझ्या वडिलांचे धाकटे भाऊ लहानूकाका. त्यांच्या बांध्या पार शेवटी, जिथं पाणी पोहोचता पोहोचता संपून जायचं. ते म्हणाले, दरवर्षी आमच्या वाट्याला ओला वारा येतो, यंदा आधी आम्हाला. सकाळीच दाराजवळ दोन्हीकडची माणसं जमली, शब्दाला शब्द लागला आणि काठ्या उठल्या. काकांचं डोकं फुटलं. टेकचंदभाऊंच्या पुतण्याचं मनगट मोडलं. दोन्हीकडून पोलिसांत तक्रारी गेल्या. तलावाच्या दाराला कुलूप लागलं.

मग गाव मुकं झालं. भांडणाला निदान आवाज तरी असतो. त्या दिवसांत दुकानातही माणसं बोटानं वस्तू दाखवायची, चहाची पुडी हवी तर पुडीकडे बोट. वरचे म्हणाले, टोलीच्या बाया बोलवायच्या नाहीत. टोली म्हणाली, बोलावलं तरी जायचं नाही. आणि पऱ्हे वाढत होते. पऱ्ह्यांना भांडण कळत नाही. वेळेत उपटून रोवले नाहीत तर ते जून होतात, बुडाशी गाठ धरतात, मग बांधीत लावा की गुरांना टाका, सारखंच. आमच्याकडे वर्षाला एकच धान. तो गेला की पुढच्या सणापर्यंत हंडी उपडी. रोज सकाळी माय पऱ्ह्याजवळ जाऊन एक रोप उपटून बोटांनी बुड चाचपायची आणि परत यायची. तिच्या चेहऱ्यावरून आम्ही ओळखायचो, आज अजून गाठ नाही.

ही गोष्ट सुरू झाली बोरिंगवर, म्हणजे हातपंपावर. तिथं दोन्हीकडच्या बाया पाण्याला यायच्या. त्या दिवशी मी मायसोबत होते. समोरून फुलवंताकाकी आली, टेकचंदभाऊंची बायको. मोठ्या घरची, पण आपल्या बांधीत स्वतः उतरणारी. तिनं आणि मायनं कितीतरी रोवण्या ओळीत शेजारी-शेजारी केलेल्या. मायनं मान फिरवली.

"का व, बोलनं सोडलं का?" फुलवंताकाकी म्हणाली.

"तुह्या घरच्या काठीनं सोडवलं."

"माह्या घरची काठी त म्या कालच चुलीत घातली."

मायनं पंपाचा दांडा थांबवला. "अन् टेकचंदभाऊ?"

"थे नाही मावत चुलीत."

मायला हसू आवरेना. ती हसली तशी फुलवंताकाकी हसली, मग पाण्याला आलेल्या सगळ्याच हसल्या, काही तर घागरीवर हात आपटून. त्या मुक्या गावात कितीतरी दिवसांनी उमटलेला तो पहिला आवाज. मी पुढे राज्यशास्त्राच्या पेपरात शांतता प्रक्रिया या विषयावर पानंच्या पानं लिहिली आणि चांगले गुण घेतले. पण ती सुरू कशी होते हे मला विचारलं तर मी बोरिंगचं नाव सांगते.

दुसऱ्या दिवशी दोन्हीकडच्या बाया तलावाच्या पाळीवर बसल्या. आमच्याकडे तिला पार म्हणतात. पार कुणाच्याच मोहल्ल्यात येत नाही, म्हणून ती जागा. तिथं ठरलं ते असं: ज्या घरातून काठी निघाली त्या घरच्या बांधीत कुणीच रोवायला उतरायचं नाही. टोलीच्या बायांनी नाही आणि त्या घरच्या बायांनीही नाही. लहानूकाकांची बांधी असो की टेकचंदभाऊंची. आणि तोवर गावात दुसऱ्या कुणाचीही रोवणी सुरू करायची नाही. दोघांनी पारीवर यायचं, सगळ्यांसमोर बोलायचं, मग दार उघडायचं, मग पाय चिखलात.

टोलीच्या बायांचं म्हणाल तर रोजी बुडत होती. पण वरच्या मोहल्ल्यातल्या बायांचं मला आज जास्त मोठं वाटतं. त्यांना संध्याकाळी त्याच घरात जाऊन त्याच माणसाला भात वाढायचा होता.

मी माझी नवी वही घेऊन पुढं सरसावले. म्हटलं, मी ठराव लिहिते, खाली सगळ्यांच्या सह्या-अंगठे घेते. कॉलेजात शिकत होते ना, माझ्या अंगात ठराव भरला होता. मायनं वही बाजूला सारली.

"तू लिहिशीन, आमी अंगठे देऊ. मंग उद्या कोनी दुसरा येईन अन् त्याले पाहिजे थे वाचून दाखवन. माहा अंगठा त बोलत नाही न. माहं बोलनं ठेव. बोलनं बोलते."

मला राग आला होता, खोटं कशाला सांगू. पण माय बरोबर होती. आमच्या बायांचं नाव तोवर ज्या ज्या कागदावर आलं होतं तिथं निळ्या शाईच्या ठिपक्याएवढंच आलं होतं.

तेव्हा सुमनवहिनी पुढं झाली. ती लहानूकाकांची सून. तिच्या आंदणात सेलवर चालणारा टेपरेकॉर्डर आला होता आणि तो टोलीतला एकुलता एक. नव्या कॅसेटी कुठून आणणार? भीमगीतांच्या कॅसेटी द्यायला कुणी तयार होईना. शेवटी फुलवंताकाकीनं पदराआडून एक कॅसेट काढली, लेकीच्या लग्नात वाजलेल्या बँडची. म्हणाली, "पोरगी नांदून राहिली, आता बँड कायले पाहिजे?" कॅसेटच्या डोक्यावर दोन भोकं असतात, त्यांत कागदाचा बोळा कोंबला की जुन्या गाण्यावर नवं भरता येतं. तो बोळा माझ्या वहीचा होता. माझ्या वहीचा एवढाच उपयोग झाला.

पुरुषांना बोलायला लावायचं तर आधी आपण बोलू, असं बायांनी ठरवलं. वरून भुरभुर चालू होती. सुमनवहिनीनं बटणं दाबली आणि टेप पन्नीत गुंडाळून, वर ओढणी टाकून मधोमध ठेवला. प्रत्येकीनं मनातलं सांगायचं.

माय पहिल्यांदा बोलली. मी तिला तसं बोलताना कधी ऐकलं नव्हतं. तिच्या लहानपणी वरच्या विहिरीवर ओंजळीत वरून ओतलेलं पाणी, रोवणीच्या दुपारी वेगळ्या पानावर वाढलेला भात, काकांच्या डोक्यातून आलेलं रक्त धुताना लाल झालेलं आमचं अंगण, सगळं तिनं फुलवंताकाकीच्या पदरात फेकलं. फुलवंताकाकीही गप्प बसली नाही. तुम्ही आमच्या पोराचं मनगट मोडलं, तो पेन कसा धरेल, तुमच्या टोलीतल्या पोट्ट्यांनी रात्री आमचे धुरे फोडले, मी काय तुमचं वाईट केलं, असं म्हणत ती रडली. मग बाकीच्या बोलल्या. आवाज चढले. मला वाटलं, झालं, आता बायांचीही मारामारी होते आणि मी घरी जाऊन अभ्यास करते.

सगळं सांगून संपलं तेव्हा सुमनवहिनीनं पन्नी उघडली आणि कपाळावर हात मारला.

"अवो माय! हा त थांबूनच होता!"

थांबवायचं बटण दाबलेलंच राहिलं होतं. चाकं फिरलीच नव्हती. पन्नी आणि ओढणीखाली कुणाला दिसणार?

मग फुलवंताकाकी नाक पुसत म्हणाली, "म्हंजे म्या एवढी रडली, थे फुकट?"

हशा झाला, आणि हसता हसताच माय म्हणाली, "चाल व, आता दुसऱ्यांदा बोला."

त्या दुसऱ्यांदा बोलण्यात जे झालं ते मी आजवर कुठल्या पुस्तकात वाचलेलं नाही. माय बोलायला लागली आणि अडखळली. राग येईना. तो मघाच निघून गेला होता. विहिरीची गोष्ट तिनं परत सांगितली, पण या वेळी फुलवंताकाकीकडे बघून, समजावल्यासारखी. आणि त्यात एक वाक्य नवीन आलं: "तुह्या सासूनं मले एकदा ताक देल्लं होतं, थेई सांगते." फुलवंताकाकीची पाळी आली तेव्हा तिनं धुऱ्यांचा विषय काढला आणि स्वतःच म्हणाली, "पानी नाही भेटत म्हून फोडले असतीन. आमी काय केलं असतं?" पहिल्यांदा माणूस आपल्यासाठी बोलतो, आतली वाफ जावी म्हणून. दुसऱ्यांदा बोलतो तेव्हा समोर कुणीतरी बसलंय हे त्याला दिसायला लागतं.

बायांनी ते हेरलं. कुणी त्यावर भाषण केलं नाही. पण त्या दिवसापासून नियमच झाला. तक्रार आली की आधी टेप बंद, मोकळं बोला, शिव्याही द्या. मग कुणीतरी एक घोट पाणी द्यायचं आणि म्हणायचं, आता दुसऱ्यांदा बोला, टेप चालू आहे. आमच्या गावात पुढे सासू-सुनांची, धुऱ्यांची, दारूची, मासेमारीच्या लिलावाची भांडणं याच रीतीनं बसवली गेली. नंतर सरकारनं गावोगाव तंटे मिटवायच्या समित्या केल्या, तेव्हा आमच्या समितीत पुरुषच जास्त होते, पण पहिल्याच बैठकीत एका म्हाताऱ्यानं विचारलं म्हणे, "टेपवाल्या बाया कोठी हायेत?"

कॅसेटी जपल्या सुमनवहिनीनं. ओल लागू नये म्हणून धानाच्या ढोल्यात, म्हणजे कणगीत, कोरड्या धानात खोल पुरून. त्यामुळे प्रत्येक कॅसेटला आजही तुसाचा वास आहे. कुठली कॅसेट कसली हे वाचता न येणाऱ्या बायांना कळायला हवं, म्हणून त्यांनी वर टिकल्या चिकटवल्या. मिटलेल्या भांडणाला लाल टिकली, न मिटलेल्याला काळी. काळीवर लाल चढवायची वेळ आली की त्या दिवशी चहा व्हायचा. एका कॅसेटवर अजून काळी आहे. तिच्याबद्दल मी लिहिणार नाही, त्या दोघी अजून बोलायच्या आहेत.

पुढे कॅसेटी अडकायला लागल्या तेव्हा मी त्या गोंदियाला घेऊन गेले, स्टेशनजवळच्या एका स्टुडिओत, पेन ड्राइव्हमध्ये भरून घ्यायला. दुकानदारानं कानाला हेडफोन लावला, थोडं ऐकलं आणि माझ्याकडं दयेनं बघितलं.

"मॅडम, इसमें गाना-वाना कुछ नहीं है. सब औरतें झगड़ रही हैं."

"झगड़ नहीं रहीं भैया, झगड़ा मिटा रही हैं."

त्यानं परत ऐकलं. परत बघितलं. "इतना चिल्ला के?"

मी म्हटलं, "हमारे यहाँ ऐसे ही मिटता है."

तो हसला, आणि काम मात्र मन लावून केलं त्यानं. संध्याकाळी गेले तर बायकोला दुकानात बसवून ऐकवत होता.

आता गावात वाचनालयाची खोली आहे, तिथं एक कपाट फक्त या आवाजांचं. शहरातून अभ्यासाला एक ताई आल्या होत्या, मोठ्या संस्थेच्या. म्हणाल्या, कॅसेटी आमच्याकडे द्या, तिथं थंड खोलीत सुरक्षित राहतील. मायनं त्यांना कोचईच्या, म्हणजे अळूच्या पानांच्या वड्या वाढल्या, पोटभर खाऊ घातलं आणि सांगितलं, "बाई, नक्कल न्या. असल अथीच राहीन. आमचं भांडन आमच्या गावात पाहिजे, नाहीतर लोकं विसरतीन न मिटवलं कसं थे." ताईंनी नक्कल नेली. पुढच्या रोवणीला परत आल्या आणि एक दिवस मायसोबत बांधीतही उतरल्या. त्यांच्या ओळीत पऱ्हे तरंगत होते, पण कुणी काही म्हणालं नाही.

हे सगळं नंतरचं. त्या वर्षी मात्र पारीवर बसलेल्या आम्हाला एवढंच ठाऊक होतं की पऱ्ह्यांना गाठ धरायची वेळ जवळ येते आहे आणि दोन माणसं हटून बसली आहेत.

टेकचंदभाऊ म्हणाले, बायांच्या मशीनसमोर मी बोलणार नाही. त्यांनी सीमेपलीकडून, छत्तीसगडातून रोवायला बाया मागवल्या. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत उभ्या राहून त्या आल्या, डोक्यावर गाठोडी, कडेला लेकरं. आमच्या बाया रस्त्यात बसल्या. कुणी घोषणा दिल्या नाहीत. फुलवंताकाकी, म्हणजे ज्या बांधीत त्या रोवायला चालल्या होत्या तिचीच मालकीण, उठून ट्रॉलीजवळ गेली आणि काय झालंय ते तिनं सांगितलं. ट्रॉलीतली एक म्हातारी खाली उतरली, लुगडं झटकलं आणि म्हणाली, "हमन ला नइ मालूम रिहिस दीदी." मग बाकीच्या उतरल्या. आम्ही घरोघरची पेज गोळा केली, अंबाडीची भाजी केली, त्या पारीवर जेवल्या आणि त्याच ट्रॅक्टरनं परत गेल्या. ड्रायव्हर बिचारा टेकचंदभाऊंना काय सांगू म्हणून रडकुंडीला आला होता.

"सांग, मालकीनीनं परत पाठवलं," फुलवंताकाकी म्हणाली.

त्या संध्याकाळी तिच्या घरात काय झालं ते तिनं कधी सांगितलं नाही. सकाळी ती बोरिंगवर आली तेव्हा डोळे सुजलेले होते, पण घागर तशीच ताठ डोक्यावर.

लहानूकाका आमच्या बाजूचे, पण सोपे नव्हते. डोक्याला पट्टी बांधून खाटेवर बसून असायचे. माय त्यांची वहिनी.

"माहं डोस्कं फुटलं वहिनी. त्याचं का?"

"फुटलं थे फुटलं. आता हंडी फुटू देऊ नोको."

"म्हंजे मीच वाकू?"

"मी जनमभर वाकून रोवते, माही पाठ का मोडली? येकदा तू वाकून पाह."

काका भिंतीकडे तोंड करून झोपले. मला तेव्हा खरंच वाटलं, हरलो आपण. दुसऱ्या दिवशी मायनं पऱ्ह्यातलं रोप उपटलं, बुड चाचपलं, आणि ते माझ्या हातात दिलं. बुडाशी बारीक कठीण गाठ हाताला लागत होती. काकांनी खाटेवरून पाहिलं. ते उठले, माझ्या हातातून रोप घेतलं, नखानं दाबून बघितलं. शेतकरी माणूस. पायांत चप्पल सरकवली आणि पारीकडे चालायला लागले.

टेकचंदभाऊ आधीच तिथं आले होते. त्यांच्याही हातात एक उपटलेलं रोप होतं.

नियमाप्रमाणे आधी टेप बंद. दोघं तुटून पडले. आज्यापणज्यांपर्यंत गेले. टेकचंदभाऊ पोवारी बोलीत, काका झाडीबोलीत, दोघांचा आवाज तलावाच्या त्या काठावर जाऊन परत येत होता. पाण्यातले बगळे उडाले. बायांनी कुणाला थांबवलं नाही. दमले तेव्हा सुमनवहिनीनं दोघांना पाणी दिलं, स्वतःच्या सासऱ्याला आणि त्यांचं डोकं ज्याच्या माणसांनी फोडलं त्यालाही, एकाच गडव्यातून. मग पन्नी न घालता टेप मधोमध ठेवला. या वेळी चाकं फिरताना सगळ्यांना दिसत होती.

"आता दुसऱ्यांदा बोला."

त्या कॅसेटची ही दुसरी बाजू मी यंदा परत ऐकली, पहिलीवर बायांचं बोलणं आहे. सुरुवातीला लग्नातल्या बँडचा एक तुकडा शिल्लक आहे. मग वारा. मग कुणाच्या तरी बांगड्या. चाकं फिरत होती आणि टेकचंदभाऊ त्यांच्याकडे बघत उभे होते, हे मला आठवतं. शेवटी त्यांचा आवाज येतो, मघाच्या निम्म्यानं.

"शेवटच्या बांधीले पयले पानी द्या. माही बांधी दाराजवर हाय. मले पाझरूनई भेटते."

एवढंच. दुसऱ्यांदा बोलायला त्यांच्याकडे एवढंच उरलं होतं आणि ते खरं होतं. दाराजवळच्या बांधीला पाझराचं पाणी मिळतं हे गावाला पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होतं. मोठ्यानं कुणी म्हटलं नव्हतं.

मग काका. खोकले. "पोट्ट्याचा हात माह्याच काठीनं मोडला. लहान होता थो, मी मोठा होतो. तक्रार मी मागं घेतो." आणि टेपवर लगेच टेकचंदभाऊंचं, "मीबी घेतो." त्यानंतरचा गलका इतका आहे की स्टुडिओवाल्यानं आवाज कमी करून दिला होता. मी तो परत वाढवून घेतला.

दार उघडलं. पाणी दाराजवळच्या बांध्यांच्या कडेनं, धुऱ्याला धुरा सोडत खाली गेलं, आणि पुरुष त्याच्या मागं मागं चालत गेले, दोन्हीकडचे. काकांच्या बांधीत ते शिरलं तेव्हा कोरडी ढेकळं बुडबुडे सोडत बसत गेली. नांगर फिरले, चिखल झाला, पऱ्ह्यांच्या जुड्या धुऱ्यावर आल्या. गाठ नुकती धरत होती. अजून वेळ गेली नव्हती, मायनं बघितलं होतं. टोलीच्या बाया लुगडी खोचून चिखलात उतरल्या.

आणि धुऱ्यावर फुलवंताकाकी येऊन उभी राहिली. मागं वरच्या मोहल्ल्यातल्या आणखी चौघी-पाचजणी. सगळ्यांना वाटलं, बघायला आल्यात. तिनं चपला काढून धुऱ्यावर ठेवल्या, लुगडं गुडघ्यावर खोचलं आणि लहानूकाकांच्या बांधीत पाय टाकला. मायच्या शेजारची जागा रिकामी होती, तिथं जाऊन वाकली.

काका जुड्या वाटत होते. ते जागच्या जागी थांबले. टेकचंदभाऊंची बायको आपल्या चिखलात, आता बघावं कुठं, हे त्या माणसाला कळेना.

"फुलवंतावहिनी," ते कसेबसे म्हणाले, "तथी चिखल खोल हाय."

"माह्या घरीबी येवढाच खोल हाय, लहानू," फुलवंताकाकी मान वर न करता म्हणाली. "जुडी फेक."

त्यांनी फेकली.